पिल्लं मरायला लागली की आधी दिवस मोजा

"शंभर पिल्लं आणली होती, आज सात मेली, कोणतं औषध देऊ?" नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याचा पहिला फोन बहुधा हाच असतो. उत्तर द्यायला जी गोष्ट सगळ्यात आधी लागते ती नेमकी यात नसते: पिल्लं किती दिवसांची आहेत? तिसऱ्या दिवशी मेलेल्या पिल्लाचं दुखणं वेगळं, पंचविसाव्या दिवशी मेलेल्याचं वेगळं. पहिल्यावर बऱ्याचदा औषधाचा काही उपयोग होत नाही. दुसऱ्याचं औषध वेळेत मिळालं तर उरलेला लॉट वाचतो. म्हणून हा लेख दिवसांच्या क्रमाने लिहिला आहे. तो परसात किंवा लहान शेडमध्ये शे-दोनशे गावरान, गिरिराज, वनराजा, कावेरी नाहीतर कडकनाथ पिल्लं घेऊन सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. पाच हजारांच्या ब्रॉयलर शेडवर कंपनीचा सुपरवायझर येतो, त्यांचं गणित निराळं.

मरतुक किती चालते

अंड्यातून निघालेलं प्रत्येक पिल्लू जगत नाही. पुष्कळ हॅचरीवाले शंभरच्या बॉक्सात दोन पिल्लं वर टाकतात ती याचसाठी. पहिल्या आठवड्यात शंभरातली एक-दोन आणि महिनाअखेर एकूण चार-पाच गेली, तर स्वतःला दोष देऊ नका आणि औषधाच्या दुकानातही पळू नका.

घाबरायचं ते तीन वेळा. आकडा रोज वाढतोय: काल एक, आज दोन, उद्या चार. किंवा एका रात्रीत एकदम पाच-दहा गेली. किंवा पहिल्या आठवड्यानंतर थांबलेली मरतुक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा सुरू झाली. यातलं काहीही दिसलं तर पुढची कामं त्याच दिवशी करायची.

त्यासाठी शेडच्या दारात एक वही टांगा. तारीख, पिल्लांचं वय, किती मेली, कुठे पडली होती, खाद्य किती संपलं, पाणी किती संपलं. शेवटचे दोन रकाने लोक भरत नाहीत आणि कामाला येतात तेच. आजारी पडणारं पिल्लू मरायच्या आधी खाणं-पिणं कमी करतं. रोज चार भांडी संपवणाऱ्या लॉटने एक भांडं तसंच ठेवलं, की उद्या काहीतरी होणार आहे हे आजच कळतं.

पहिलं काम: उचलायच्या आधी बघा

मेलेलं पिल्लू सकाळी दिसलं की लोक ते पायाला धरून उकिरड्यावर टाकतात. थोडं थांबा. ते कुठे पडलंय, कसं पडलंय, यात निम्मं उत्तर असतं.

कोपऱ्यात एकावर एक, चपटी झालेली, ओलसर अंगाची पाच-सहा पिल्लं म्हणजे थंडी किंवा भीती. रात्री लाईट गेली, पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरली. रोगाचा इथे संबंध नाही. चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण, गोल का लावायचा, तर कोपराच राहू नये म्हणून. पत्र्याचा, पुठ्ठ्याचा, काही चालेल, फूट-दीड फूट उंचीचा. शंभर पिल्लांना सुरुवातीला साधारण सहा फूट व्यासाचा गोल पुरतो, मग तो दर दोन दिवसांनी मोठा करत न्यायचा.

बल्बपासून लांब, भिंतीकडेला, पंख पसरून आणि चोच उघडी ठेवून मेलेलं पिल्लू उष्णतेने गेलेलं असतं. पाण्याच्या भांड्यात पडून मेलेलं असेल तर भांडं खोल आहे. पहिले चार दिवस त्यात गोटे टाका. पाय किंवा मान कुरतडलेली असेल तर उंदीर-घूस, आणि पिल्लू नाहीसंच झालं असेल तर मुंगूस, मांजर किंवा कावळा. अर्ध्या इंचाची जाळी लावल्याशिवाय घुशीवर दुसरा उपाय नाही.

दुसरं काम: आजारी पिल्लं वेगळी

पंख पाडून, डोळे मिटून पेंगणारी, अंग फुगवून उभी राहणारी पिल्लं उचलून वेगळ्या डालग्यात ठेवा. त्याला स्वतःचा बल्ब, स्वतःचं पाणी, स्वतःचं खाद्य हवं. आधी निरोगी पिल्लांचं सगळं उरकायचं, मग आजारी डालग्याकडे जायचं, उलटं कधी नाही. शेडच्या आत एक चप्पल, बाहेर दुसरी. शेजारचा कोणी बघायला आला तर दारातूनच बघू दे, विशेषतः त्याच्याही कोंबड्या असतील तर. वाईट वाटलं तर वाटलं.

तिसरं काम: ऊब, पाणी, खाद्य, तूस

औषधाचा विचार इथपर्यंत करायचाच नाही. माझ्या मते नवख्याची पहिल्या दोन आठवड्यांतली बहुतेक मरतुक या चारांत सापडते.

ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. ढोबळ हिशेब पिल्लामागे दोन वॅटचा, म्हणजे शंभर पिल्लांना २०० वॅट. इथे नवीन माणूस हमखास फसतो: एलईडी बल्ब लावतो. उजेड भरपूर, ऊब नाही. जुने पिवळे तारेचे बल्ब लागतात, नाहीतर ब्रूडिंगचे, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचे तांबडे इन्फ्रारेड. वीज भरवशाची नसेल तर इन्व्हर्टर किंवा गॅस ब्रूडर. कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये ठेवून झोपू नका, तिच्या वायूने पिल्लं मरतात आणि जवळ झोपलेला माणूसही.

तापमापी असावीच, पण खरं सांगतात ती पिल्लं. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट करत असतील तर थंडी. बल्बपासून पळून कडेला धापा टाकत असतील तर उष्णता. एकाच बाजूला सगळी गोळा झाली असतील तर दुसऱ्या बाजूने वारं येतंय. विखरून, काही खातायत, काही आडवी पडून झोपलीत, तर सगळं ठीक. रात्री अकराला एकदा जाऊन बघा, दिवसा बघून उपयोग नसतो. शंका आली तर दोन-तीन पिल्लं उचलून त्यांचे पाय स्वतःच्या गालाला लावा. गार लागले तर पिल्लू गारठलंय, तापमापी काहीही म्हणो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हे सगळं उलटं होतं. दुपारी बल्ब बंद, पडद्यांना ओलं गोणपाट आणि पाण्याची भांडी दुप्पट.

पाणी. लांबून आलेलं पिल्लू तहानलेलं असतं. आल्या आल्या खाद्य नको. आधी दोन-तीन तास पाणी, त्यात लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट पावडर. दहा-पंधरा पिल्लांची चोच हाताने पाण्यात बुडवा, बाकीची बघून शिकतात. पाणी कोमट असावं. भांडी दिवसातून दोनदा धुवायची, नुसतं वरून पाणी ओतायचं नाही. भांड्याच्या आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तिथेच जंतू वाढतायत.

खाद्य. पहिला दिवस कागदावर पसरलेला मक्याचा बारीक भरडा, मग चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस-एक पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी चिमटीत धरून बघा. मऊ, भरलेली लागली पाहिजे. रिकामी असेल तर ते पिल्लू खायला शिकलेलं नाही. कडक लागली तर खाल्लंय, पण पाणी मिळालेलं नाही. घरचा मका दळून घालणार असाल तर त्याचा वास घ्या. बुरशीच्या मक्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं, आणि त्याने लसही नीट लागत नाही.

तूस. भाताचं कोरडं तूस दोन-तीन इंच, त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद मात्र तिसऱ्या दिवसापुढे ठेवू नका, पाय घसरून फाकतात आणि ते पिल्लू पुन्हा उभं राहत नाही. तूस मुठीत दाबा. गोळा झाला तर ओलं आहे. शेडमध्ये उकिडवे बसून, पिल्लाच्या उंचीला नाक नेऊन वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया वाढलाय. उभ्याने हा वास येत नाही, आणि मग माणूस म्हणतो शेड स्वच्छ आहे. थंडीत पडदे जमिनीपासून छतापर्यंत बांधणारे लोक हा वास आतच कोंडून घेतात. वरून वीतभर फट कायम उघडी पाहिजे.

आता दिवस मोजा

पहिले तीन दिवस

प्रवास, तहान, थंडी आणि बेंबी. चौथं सोडून बाकीची तिन्ही वर आलीच आहेत.

बेंबीचं दुखणं असं: अंड्यातला उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते पहिले दोन-तीन दिवस निभावतं. बेंबी नीट मिटली नाही किंवा उबवणीचं यंत्र घाण असलं, तर जंतू आत शिरून तो बलकच सडतो. पोट मऊ, फुगलेलं, निळसर-हिरवट, बेंबी ओली आणि पिल्लाला कुबट वास. अशी पिल्लं पहिल्या आठवड्यात जातात आणि मरतुक सातव्या-आठव्या दिवशी आपोआप उतरते. हा दोष मुळात उबवणीचा. उपाय म्हणाल तर ऊब दोन अंशांनी वाढवणं, मेलेली लगेच उचलणं, आणि पुढचा लॉट दुसरीकडून घेणं. बॉक्स उघडतानाच दहा-वीस पिल्लं उलटी करून बेंबी बघा. काळा खडा चिकटलेली, ओली बेंबी पुष्कळ दिसली तर तिथेच फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. चार दिवसांनी तक्रार कोणी ऐकत नाही.

मागे शेण चिकटणं हेही याच दिवसांतलं. प्रवासात गारठलेल्या पिल्लांचं होतं. चिकटून वाट बंद झाली तर पिल्लू मरतं. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने भिजवून हळू सोडवा, ओढू नका, आणि कोरडं करून बल्बखाली ठेवा. पण आधी नीट बघा, चिकटलंय ते कुठे. शेपटीखाली असेल तर शेण. त्याहून खाली, पोटाकडे वाळलेला खडा असेल तर ती बेंबीची खपली आहे. ती ओढली की आतडं बाहेर येतं.

चौथा ते सहावा दिवस

या दिवसांत एक विचित्र प्रकार होतो. पिल्लं धडधाकट दिसत असतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हलकी, वाळकी पिल्लं मरतात. ही उपाशी मेलेली असतात. पोटातला बलक संपला आणि खायला शिकलीच नव्हती. भांडी कमी, उंच किंवा अंधारात असली की होतं. पहिले तीन दिवस चोवीस तास उजेड ठेवा आणि खाद्य भांड्यातही घाला, कागदावरही.

याच वेळी किंवा थोडं पुढे काही पिल्लं पोट फाडल्यावर आत खडूची पूड फासल्यासारखी दिसतात, काळजावर, यकृतावर पांढरा थर. हा गाऊट. तहान आणि मूत्रपिंडावरचा ताण हे त्याचं नेहमीचं कारण. पाण्याची भांडी वाढवा, खाद्यातली प्रथिनं काही दिवस कमी करा: मक्याचा भरडा मिसळून चालतं.

पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात

पांढरी हगवण, म्हणजे पुलोरम. कोंबडीकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात येते आणि मग शेजारच्याला लागते. पांढरं, चुन्यासारखं शेण मागे चिकटलेलं, पिल्लं गोळा होऊन कण्हतात, मरतुक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चढते. प्रतिजैविकाने मरतुक थांबते, पण वाचलेली कोंबडी जन्मभर जंतू बाळगते. त्या पक्ष्यांची अंडी उबवायला ठेवू नयेत. पांढरं शेण दिसलं की पुलोरम असं मात्र नाही. गारठलेलं पिल्लूही तसंच हगतं. खात्री तपासणीनेच.

बुरशीचा न्यूमोनिया. तोंड उघडून, मान लांबवून श्वास घेतायत, पण घरघर ऐकू येत नाही. पावसात भिजून वाळवलेलं तूस किंवा बुरशीचा भुसा टाकला की होतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये जास्त. यावर प्रतिजैविक चालत नाही, दिलं तर वाया जातं. तूस सगळं काढा, कोरडं टाका, शेडची हवा खेळती करा.

मानमोडी, म्हणजे राणीखेत. धाप, हिरवी हगवण, मग मान वाकडी, पाय-पंख लुळे. विषाणूचा रोग, औषध नाही. मान वाकडी झाली म्हणजे मानमोडीच असंही समजू नका. जीवनसत्त्व ब-१ कमी पडलं की पिल्लू मान मागे टाकून आकाशाकडे बघतं आणि ते जीवनसत्त्व दिल्यावर काही तासांत सुधारतं. ब-२ कमी पडलं की पायाची बोटं आत वळतात. अशी एक-दोन पिल्लं असतील आणि बाकीची ठणठणीत असतील तर खाद्याचा विचार करा.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात

इथे दोनच नावं आधी डोक्यात आणायची: रक्ती हगवण आणि गंबोरो.

गंबोरो हा विषाणूचा रोग, तो अचानक येतो. आदल्या दिवशी पळणारी पिल्लं दुसऱ्या दिवशी बसलेली, पांढरी पातळ हगवण, स्वतःच्याच मागे चोच मारतात. तीन-चार दिवस मरतुक झपाट्याने चढते आणि आठवड्याभरात उतरते. वहीतल्या आकड्यांवरूनच हा ओळखता येतो. फाडल्यावर मांड्यांच्या आणि छातीच्या मांसात रक्ताचे ठिपके, रेषा दिसतात. यालाही औषध नाही. गुळाचं पाणी, इलेक्ट्रोलाइट, ऊब, शांतता, एवढंच हातात असतं. दुकानदार या आठवड्यात तीन प्रकारची प्रतिजैविकं विकतो, मरतुक आपली आपण उतरते आणि श्रेय पावडरीला जातं.

रक्ती हगवणीत मात्र तुम्ही खरोखर काही करू शकता, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्या. पिल्लाच्या आतड्यात वाढणारा आयमेरिया नावाचा परजीवी शेणातून बाहेर पडतो. बाहेर ऊब आणि ओल मिळाली की दोनेक दिवसांत तो पुन्हा रोग द्यायला तयार होतो. कोरड्या तुसात हे जमत नाही. म्हणून ही हगवण पाण्याच्या भांड्याभोवतीच्या ओल्या पट्ट्यातून सुरू होते, आणि पावसाळ्यात घरोघर होते. तोंडाची लाली जाते, तुरा फिका पडतो, पिल्लू पंख पाडून उभं राहतं आणि तुसावर रक्ताचे थेंब दिसतात.

रक्त आहे की नाही यात नवखे फसतात. कोंबडी दिवसातून काही वेळा तपकिरी, चिकट, फेसाळ आणि भयंकर वासाचं शेण टाकते. ते नेहमीचं आहे. कधी नारिंगी चिवट तुकडा दिसतो, तोही एखाद-दुसरा असेल तर सोडून द्या. खरं रक्त पांढऱ्या कागदावर ओळखू येतं. संध्याकाळी तुसावर चार-पाच कागद पसरा आणि सकाळी बघा. मेलेलं पिल्लू फाडून बघता येत असेल तर आतड्याच्या शेवटाकडे दोन बंद नळ्या लोंबतात त्या शोधा. निरोगी पिल्लात त्या बारीक, हिरवट-तपकिरी असतात. रक्ती हगवणीत बोटाएवढ्या फुगून गर्द लाल होतात आणि चिरल्यावर आत रक्ताच्या गुठळ्या निघतात. एकदा पाहिलं की विसरत नाही.

औषध अँप्रोलियम. २० टक्क्यांची पावडर लिटर पाण्याला १.२ ग्रॅम, पाच ते सात दिवस, पण पाकिटावरचं प्रमाण आणि डॉक्टरांचा शब्द आधी. रोज ताजं पाणी, आणि दुसरं साधं पाणी ठेवायचं नाही. या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. अँप्रोलियम त्या परजीवीचं ब-१ तोडून काम करतं, आणि तुम्ही तेच बाटलीतून परत देता. सोबत भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढा. नाहीतर औषध संपल्यावर दहाव्या दिवशी पुन्हा तेच.

तपासणी कुठे आणि कशी

दोन दिवसांत आकडा उतरला नाही तर अंदाज बांधत बसू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. नुकतीच मेलेली दोन-तीन पिल्लं आणि दोन आजारी जिवंत पिल्लं न्यायची. मेलेली दोन पिशव्यांत गुंडाळून बर्फावर, डीप फ्रीजमध्ये नाही. गोठलं की आतलं काही कळत नाही. उन्हाळ्यात चार-सहा तासांपूर्वी मेलेलं पिल्लू आतून सडायला लागलेलं असतं, ते नेऊन उपयोग नाही. सोबत वही न्या. डॉक्टर पहिल्यांदा वय विचारतात, मग लसी, मग खाद्य.

मोठ्या तपासणीसाठी पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याजवळ शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही शवविच्छेदन होतं.

एक वेळ अशी की घरी पिल्लू फाडायचंच नाही: पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या एकदम, काही तासांत धडाधड मरतायत, तोंड-तुरा निळा पडलाय, किंवा परिसरात कावळे मरून पडतायत. बर्ड फ्लूची शंका घ्या. भारतात तो पहिल्यांदा सापडला फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात सापडला. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, काही विकू नका, बाहेर नेऊ नका आणि लगेच दवाखान्याला कळवा. २००९ च्या प्राण्यांच्या साथरोग कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. लपवणाऱ्याचा विचार असा असतो की आपला लॉट वाचेल. वाचत नाही, आणि शेजाऱ्याचाही जातो.

लसी, थोडक्यात

मॅरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूरोगाची लस पहिल्या दिवशी हॅचरीतच टोचलेली असते. विकत घेताना विचारा, नुसतं 'हो' नको, बिलावर लिहून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा किंवा एफ-१ लस, डोळ्यात एक थेंब. बाराव्या ते चौदाव्या दिवशी गंबोरो. चौथ्या आठवड्याच्या आसपास लासोटाचा बूस्टर. देवीची लस आणि मानमोडीची आर-२-बी सहा ते आठ आठवड्यांनंतर. आर-२-बी लहान पिल्लांना दिली तर तीच आजारी पाडते. तुमच्या भागात काय चाललंय त्यावर दिवस थोडे इकडे-तिकडे होतात, ते डॉक्टर सांगतील.

लस फसते ती बहुधा वाटेत. दुकानापासून शेडपर्यंत बर्फात आली पाहिजे, कालवल्यावर दोन तासांच्या आत संपली पाहिजे. खिशात घालून मोटारसायकलवरून आणलेली बाटली म्हणजे नुसतं पाणी. पाण्यातून लस देणार असाल तर त्याच्या आदल्या, त्या आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात ब्लीचिंग किंवा पोटॅशियम परमँगनेट नको. आजारी पिल्लांना लस देत नाहीत.

पावडरींबद्दल

दुकानात गेलात की तीन पाकिटं हातात पडतात: एक प्रतिजैविक, एक लिव्हर टॉनिक, एक व्हिटॅमिन. निदान न होता दिलेलं प्रतिजैविक विषाणू आणि बुरशीवर काही करत नाही, पिल्लाच्या पोटातले चांगले जंतू मात्र मारतं. आणि पुढे खरंच गरज पडते तेव्हा ते चालेनासं होतं. कोलिस्टिन तर २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी देशात बंदच आहे, जुना साठा कोणी दिला तर घेऊ नका. शिवाय काही औषधं एकमेकांशी पटत नाहीत. तयार खाद्यात रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घातलेलं असतं. त्यावर पाण्यातून टियाम्युलिन हे प्रतिजैविक दिलं तर पिल्लं रोगाने नाही, त्या जोडीनेच लुळी पडून मरतात. खाद्याच्या गोणीवरची चिठ्ठी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

हळद, लसूण, कडुनिंब द्यायला हरकत नाही. पण मरतुक चालू असताना त्यावर विसंबून दोन दिवस घालवू नका.

मेलेली पिल्लं आणि रिकामी शेड

मेलेलं पिल्लू ओढ्यात, रस्त्याकडेला किंवा कुत्र्यापुढे टाकायचं नाही. शेडपासून आणि विहिरीपासून लांब तीन-चार फूट खोल खड्डा, खाली-वर चुना, वरून माती. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटे किंवा दगड.

लॉट विकला किंवा संपला की तूस सगळं बाहेर काढा. आजाराचं तूस शेजारच्या शेडजवळ ढीग करून ठेवू नका. ते शेताच्या कडेला झाकून कुजवा. भिंती-जमीन खरवडा, साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग जंतुनाशक. न धुतलेल्या शेणावर फिनेल मारणं म्हणजे फिनेल फुकट घालवणं. रक्ती हगवण झालेल्या शेडमध्ये नेहमीची जंतुनाशकं पुरत नाहीत, आयमेरियाची अंडी त्यात टिकून राहतात. जमिनीवरून आणि भिंतीच्या खालच्या दोन फुटांवरून ब्लो लॅम्प, म्हणजे ज्वाळा फेकणारा दिवा फिरवा, मग चुना मारा. त्यानंतर निदान दोन आठवडे शेड रिकामी. त्या काळात मोठ्या कोंबड्या तिथे चरायला सोडायच्या नाहीत. त्या ठणठणीत दिसतात, पण त्यांच्या पायाखालून सगळं परत आत येतं.

नवी पिल्लं यायच्या आदल्या संध्याकाळी बल्ब लावून ठेवा. सकाळी तापमापी तुसावर ठेवून बघा, कारण हवा गरम आणि खालचं तूस गार असं बऱ्याचदा असतं. ३२ च्या खाली असेल तर बॉक्स अजून उघडू नका.